हार्ट अटॅकनंतर आराम की व्यायाम? 'कार्डियाक रिहॅब' म्हणजे नेमकं काय?

अँजिओप्लास्टी होऊन रुग्ण घरी येतो. फाइलमध्ये औषधांची यादी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते आणि 'तेल-मीठ कमी' एवढा सल्ला असतो. मग घरात प्रश्न सुरू होतात. जिना चढायचा का? आंघोळीची बादली उचलायची का? गाडी कधी चालवायची? दुकानात, शेतात, ऑफिसला कधी जायचं? बहुतेक घरांत या सगळ्यावर एकच उत्तर मिळतं: "आता काही करू नका, फक्त आराम करा."

काळजीपोटी दिलेला हा सल्ला पहिल्या काही दिवसांपुरता ठीक आहे. पण तोच महिनोन्महिने चालू राहिला, तर रुग्णाचं नुकसान होतं. स्टेंट टाकून रक्तवाहिनी मोकळी होते, पण बसून राहिल्यानं अशक्त झालेलं शरीर आणि मनात बसलेली भीती स्टेंटनं जात नाही. त्यासाठी वैद्यकशास्त्रात एक वेगळा उपचार आहे. त्याचं नाव कार्डियाक रिहॅबिलिटेशन, म्हणजेच हृदय पुनर्वसन.

## कार्डियाक रिहॅब म्हणजे काय?

हृदयविकाराच्या रुग्णाला तपासून, त्याच्या ताकदीप्रमाणे ठरवून दिलेला आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हा या उपचाराचा कणा आहे. पण तो नुसता व्यायामाचा वर्ग नाही. औषधं नियमित घेणं, तंबाखू आणि सिगारेट सोडणं, आहार, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांवर ताबा आणि मनाचा आधार हे सगळं त्यात येतं. हृदयरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नर्स, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक मिळून हे काम करतात.

'रोज चालत जा' असं तोंडी सांगणं आणि रिहॅब यांत फरक आहे. औषधाच्या चिठ्ठीवर गोळीचं नाव, प्रमाण आणि वेळ लिहिलेली असते. रिहॅबमध्ये व्यायामाचीही अशीच चिठ्ठी असते: कोणता व्यायाम, किती जोरात, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा आणि कधी थांबायचं.

## हा उपचार कोणासाठी?

- हार्ट अटॅक येऊन गेलेले रुग्ण
- अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले रुग्ण
- चालताना छातीत दुखतं, पण आजार औषधांनी स्थिर आहे असे रुग्ण
- हृदयाचं पंपिंग कमी झालेले, म्हणजे हार्ट फेल्युअरचे स्थिर रुग्ण
- झडपेचं ऑपरेशन किंवा हृदय प्रत्यारोपण झालेले रुग्ण

वय जास्त आहे म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही. उलट सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला स्वतःच्या पायांनी बाजारात जाता येणं, आधाराशिवाय उठता-बसता येणं यातून मिळणारा फायदा मोठा असतो.

## सहा आठवडे अंथरुणात

व्यायामानं हृदयाला बरं वाटतं, ही कल्पना तशी जुनी आहे. १७७२ साली अंजायनाचं वर्णन प्रसिद्ध करणारे इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी एका रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. हा माणूस रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि त्याचा त्रास जवळजवळ गेला होता.

पण विसाव्या शतकात वारं उलटं फिरलं. हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूवरची जखम भरून तिथे घट्ट व्रण तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे कळल्यावर तेवढे दिवस रुग्णाला अंथरुणातच ठेवायचं, अशी पद्धत पडली. उठून बसायचं नाही, काही ठिकाणी तर स्वतःच्या हातानं जेवायचंही नाही. या सक्तीच्या विश्रांतीत पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, न्युमोनिया होई आणि काही जण त्यातच दगावत.

१९५२ मध्ये बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच पलंगावरून उतरवून आरामखुर्चीत बसवलं होतं. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते, पण त्या काळी अनेक डॉक्टरांना हा जिवाशी खेळ वाटला. प्रत्यक्षात रुग्णांना त्याचा अपाय झाला नाही, उलट ते लवकर सावरले.

१९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे चालण्याचे आणि सायकलचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी आयझेनहॉवर यांना हळूहळू हालचाल आणि कामाकडे परत आणलं. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले. हार्ट अटॅक म्हणजे आयुष्याची निवृत्ती नव्हे, हे त्यामुळे साऱ्या जगानं पाहिलं.

आरामाची खरी किंमत १९६६ मधल्या डलासच्या एका प्रयोगानं दाखवली. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांची शारीरिक क्षमता पाव भागाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा लक्षात आलं की तीस वर्षांच्या वाढत्या वयानं जेवढी क्षमता कमी केली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती.

## व्यायामानं शरीरात काय बदलतं?

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, तो व्यायामानं परत जिवंत होत नाही. हे आधीच स्पष्ट असलेलं बरं. मग फायदा होतो कुठून?

पाय आणि हातांचे स्नायू: सराव झालेले स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगल्या रीतीनं वापरतात. त्यामुळे तेवढंच काम करायला हृदयाला कमी मेहनत पडते. आधी एक मजला चढताना नाडी ११० पर्यंत जात असेल, तर काही आठवड्यांनी तोच जिना ती ९५ वर असतानाच चढून होतो.

रक्तवाहिन्यांचं अस्तर: व्यायामात रक्ताचा वेग वाढतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिन्या चांगल्या सैल होतात.

मज्जासंस्था: नियमित व्यायामानं शरीराची सततची 'धावपळीची' अवस्था शमते. आराम करतानाची नाडी कमी होते.

बाकीचे आजार: बीपी थोडं उतरतं, इन्सुलिन चांगलं काम करू लागतं, पोटाचा घेर कमी होतो. पुढचा अटॅक टाळायचा तर याची गरज असतेच, कारण स्टेंट एका जागेचा अडथळा काढतो, पण मूळ आजार सगळ्याच रक्तवाहिन्यांमध्ये असतो.

## पुरावा काय सांगतो?

२०२१ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ८५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत कोरोनरी हृदयविकाराचे एकूण २३,४३० रुग्ण होते. व्यायामावर आधारित रिहॅब घेतलेल्यांमध्ये पुन्हा हार्ट अटॅक येण्याचं आणि पुन्हा भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. हृदयविकारानं होणारे मृत्यूही दीर्घ काळात कमी दिसले. मात्र सर्व कारणांनी होणारे एकूण मृत्यू पाहिले, तर फरक तितका ठळक नव्हता. म्हणजे रिहॅब हा चमत्कार नाही, पण गोळ्यांइतकाच गांभीर्यानं घ्यावा असा उपचार नक्की आहे.

जर्मनीतल्या एका चाचणीचा निकाल २००४ मध्ये आला. स्थिर आजार असलेल्या १०१ पुरुषांपैकी काहींची अँजिओप्लास्टी केली, तर काहींना रोज सायकलचा व्यायाम दिला. वर्षभर हृदयाची कोणतीही गंभीर घटना न घडता राहिलेले रुग्ण व्यायामाच्या गटात ८८ टक्के होते आणि अँजिओप्लास्टीच्या गटात ७० टक्के. ही चाचणी लहान होती आणि ती फक्त स्थिर आजाराची होती. हार्ट अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टीला व्यायाम हा पर्याय नाही.

धोक्याचं काय? अमेरिकेतल्या १६७ रिहॅब केंद्रांची पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे १ लाख १२ हजार तासांच्या व्यायामामागे हृदय बंद पडण्याची एक घटना आढळली. त्यातही बहुतेक रुग्णांना वाचवता आलं, कारण मदत शेजारीच होती.

## टप्पे कसे असतात?

पहिला टप्पा, दवाखान्यात: प्रकृती स्थिर झाली की एक-दोन दिवसांतच रुग्णाला बसवणं, खोलीत चालवणं आणि सुट्टीआधी जिन्याच्या काही पायऱ्या चढवून पाहणं.

दुसरा टप्पा, सुट्टीनंतर: हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. साधारण १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली व्यायाम. अमेरिकेत ३६ सत्रांची पद्धत रूढ आहे.

तिसरा टप्पा, कायमचा: शिकलेलं घरी, बागेत, मैदानावर चालू ठेवणं. व्यायाम सोडला की मिळवलेली क्षमता काही आठवड्यांत ओसरू लागते, म्हणून या टप्प्याला शेवट नसतो.

दुसरा टप्पा सुरू करण्याआधी टूडी इको, ईसीजी आणि टीएमटी किंवा सहा मिनिटं चालण्याची चाचणी केली जाते. सहा मिनिटांत रुग्ण सपाट जागेवर किती मीटर चालला, हे मोजायला मोठं यंत्र लागत नाही. तीच चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा केली, की प्रगती आकड्यात दिसते.

## किती जोरात करायचं?

'२२० वजा वय' हे सूत्र सोशल मीडियावर सगळीकडे फिरतं. हृदयरुग्णासाठी ते दिशाभूल करू शकतं. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवतात.

उदाहरणार्थ, ५५ वर्षांच्या रुग्णाची बसलेली नाडी ६४ आहे आणि गोळी चालू असताना टीएमटीवर ती जास्तीत जास्त १२४ पर्यंत गेली. मधला फरक ६०. सुरुवातीला या फरकाच्या ४० ते ६० टक्के, म्हणजे २४ ते ३६ ठोके, बसलेल्या नाडीत मिळवतात. लक्ष्य आलं ८८ ते १००. हाच रुग्ण सूत्रावर गेला तर २२० वजा ५५ म्हणजे १६५, त्याचे ७० टक्के म्हणजे ११५. हा आकडा त्याच्या स्वतःच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ जातो.

नाडी मोजता येत नसेल, तर बोलून पाहण्याची सोपी कसोटी आहे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल तर वेग कमी करायचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजायला ६ ते २० अंकांची पट्टी तयार केली. रिहॅबमध्ये साधारण ११ ते १४, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड', या पट्ट्यात राहायला सांगतात.

## एक सत्र कसं असतं?

१. सुरुवात, ५ ते १० मिनिटं: सावकाश चालणं, खांदे आणि घोटे फिरवणं.

२. मुख्य व्यायाम, २० ते ३० मिनिटं: चालणं, सायकल किंवा ट्रेडमिल. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून मध्ये विश्रांती घेतली तरी चालतं.

३. ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून दोनदा: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, हलकं वजन किंवा रबरी पट्टा. जोर लावताना श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा, सैल होताना घ्यायचा. श्वास कोंडून धरला की बीपी एकदम उसळतं.

४. शेवट, ५ ते १० मिनिटं: वेग कमी करत थांबणं. अचानक थांबल्यास रक्त पायांत साठतं, बीपी पडतं आणि चक्कर येऊ शकते. हा भाग घाईत सोडून दिला जातो, पण तो टाळण्यासारखा नाही.

पुढचं ध्येय आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम. जेवणानंतर लगेच, भर उन्हात किंवा ताप असताना व्यायाम करायचा नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी लवकरची वेळ गाठावी लागते. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवणं गरजेचं, कारण व्यायामात शुगर एकदम उतरू शकते.

## बायपास झाली असेल तर?

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेनं जोडलेलं असतं. ते पक्कं व्हायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर चालणं चालू ठेवायचं, पण चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलणं, ढकलणं, ओढणं टाळायचं. पाण्यानं भरलेली मोठी बादली १५ किलोंच्या पुढे जाते आणि घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो, हे लक्षात घेतलं की कोणती कामं दुसऱ्यांवर सोपवायची ते कळतं. पलंगावरून उठताना एका हातावर भार देऊ नये. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं. खोकताना छातीवर उशी घट्ट धरली की दुखणं कमी होतं.

## व्यायाम कधी करायचा नाही, कधी थांबायचं?

आराम करतानाही छातीत दुखत असेल, ठोके अनियमित असून ताब्यात नसतील, बसलेलं बीपी १८०/११० च्या वर असेल, महाधमनीची झडप खूप अरुंद होऊन त्रास होत असेल किंवा हार्ट फेल्युअर वाढलं असेल, तर आधी त्यावर उपचार होतात, व्यायाम नंतर. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायांवर सूज आली किंवा रात्री झोपल्यावर दम लागू लागला, तर ते शरीरात पाणी साठल्याचं लक्षण असतं. अशा वेळी व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावं लागतं.

व्यायाम करताना छातीत, जबड्यात किंवा हातात दाब जाणवला, चक्कर आली, दरदरून घाम फुटला किंवा ठोके विचित्र वाटले, तर तिथेच बसायचं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल, तर ती बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत त्रास थांबला नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जायचं नाही.

## मनातली भीती

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. रात्री दचकून जाग येणं, सारखी नाडी बघणं, एकटं राहायला घाबरणं हे त्याहून जास्त जणांना होतं. देखरेखीखाली ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालून काही झालं नाही, हा अनुभव अनेकदा समजुतीच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त धीर देतो. म्हणून पहिल्या काही सत्रांना जोडीदाराला सोबत बोलावणं फायद्याचं ठरतं, कारण घरात "बसा हो" म्हणणारी भीती बहुतेकदा त्यांचीच असते.

एक प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतच नाहीत: शरीरसंबंध. त्याला लागणारे श्रम साधारण दोन मजले जिना चढण्याएवढे असतात. तेवढं छातीत न दुखता, दम न लागता जमत असेल, तर स्थिर रुग्णाला सहसा अडचण नसते. मात्र नायट्रेटच्या गोळ्या चालू असताना सिल्डेनाफिलसारखी औषधं घेतल्यास बीपी धोकादायक रीतीनं पडू शकतं. म्हणून संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारणंच योग्य.

## मग हे सगळ्यांना का मिळत नाही?

जगातल्या जेमतेम निम्म्या देशांत कार्डियाक रिहॅबची सोय आहे आणि गरजेच्या तुलनेत सगळ्यात मोठी तूट भारतात आहे. अमेरिकेतही पात्र असलेल्या ज्येष्ठ रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांशच रिहॅबला जातात. आपल्याकडे केंद्रं मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत, आरोग्य विमा सहसा भरती असतानाचा खर्च देतो, आणि आठवड्यातून तीनदा प्रवास करणं रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. महिला आणखी मागे राहतात. 'घरातलं काम हाच व्यायाम' असं गृहीत धरलं जातं. पण तुकड्या-तुकड्यात होणारं, थकवणारं काम आणि मोजून-मापून वाढवलेला व्यायाम एक नव्हे.

यावर दोन वाटा आशादायक आहेत. पहिली, घरच्या घरी रिहॅब: एकदा नीट तपासणी, लिहून दिलेला कार्यक्रम आणि दर आठवड्याला फोनवर विचारपूस. कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांमध्ये याचे परिणाम केंद्रातल्या रिहॅबसारखेच आढळले आहेत.

दुसरी, योग. भारतातल्या २४ रुग्णालयांत हार्ट अटॅकच्या ३,९५९ रुग्णांवर 'योगा-केअर' ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत १३ सत्रांमध्ये सौम्य आसनं, श्वसन आणि ध्यान शिकवलं गेलं. रुग्णांची तब्येतीबद्दलची भावना सुधारली आणि रोजच्या कामांकडे ते जास्त चांगले परतले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. म्हणून जिथे काहीच सोय नाही तिथे योग ही चांगली सुरुवात आहे, पण गोळ्या आणि चालणं यांची जागा तो घेत नाही.

## सुट्टी होण्याआधी डॉक्टरांना हे विचारा

- हृदयाचं पंपिंग किती टक्के आहे? अजून एखादी नस बंद आहे का?
- पहिल्या आठवड्यात रोज किती मिनिटं चालायचं आणि ती कशी वाढवायची?
- व्यायाम करताना नाडी किती असावी?
- किती किलोपर्यंत उचलायचं? जिना, वाहन, काम कधी?
- टीएमटी किंवा सहा मिनिटांची चाचणी कधी करायची?
- जवळपास रिहॅब केंद्र आहे का? नसेल तर फिजिओथेरपिस्टकडून घरचा कार्यक्रम लिहून मिळेल का?

या प्रश्नांची उत्तरं फाइलच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली, तर घरी गेल्यावर 'हे करू का, ते करू का' हा घोळ बराच कमी होतो. पहिल्या दिवशी दारापासून कोपऱ्यापर्यंतच चालणं होईल. दुसऱ्या आठवड्यात कदाचित गल्लीच्या टोकापर्यंत. तीन महिन्यांनी तोच माणूस भाजीची हलकी पिशवी हातात घेऊन दोन मजले न थांबता चढला, तर उपचार पूर्ण होत आल्याची ती खरी खूण.